पोपटी कुठला, शेंदरी कुठला

सालमिया, कुवेत, शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

शलाका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडता बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहितोय. त्यामुळे महत्त्वाचं काही लिहीत नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. पत्ता तुझ्या आत्याने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तीन आठवडे तिच्या मागे लागलो होतो.

तिनेच मला तुमचा फोटो पाठवला. तुम्ही तिघं होडीत आहात, तुझ्या हातात लांबोडका मासा आहे, आलोकराव हसतायत आणि क्षितिज माशाच्या शेपटीला हात लावावा की नाही अशा विचारात आहे. सात वर्षांचा झाला ना? कपाळ तुझ्या आईचं आहे त्याचं. मी ताईला विचारलं, "हिला मासे कधीपासून आवडायला लागले?" ती म्हणाली, "दिनू, तिकडच्या तळ्यांतल्या त्या माशाला वॉलआय म्हणतात. होडी हळूहळू चालवायची आणि मागे दोरीला खोटा मासा लावून ओढत न्यायचा. ट्रोलिंग. शलाकाला भारी नाद लागलाय म्हणे."

मग मी वाचत बसलो. वॉलआयसाठी खोट्या माशाचा रंग कुठला घ्यावा यावर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय! पाणी गढूळ तर भडक रंग, स्वच्छ तर चंदेरी, ढगाळ असेल तर आणखी काही. नवशिक्याने घाबरूनच जावं. तू घाबरली होतीस का? पहिला रंग कुठला घेतलास?

मला वाटलं, आपणही शिकावं. कधी काळी तुझ्याशी बोलायची वेळ आलीच, तर बोलायला काहीतरी हाताशी असावं.

इथे आपल्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे. बावीस वर्षं त्यावरून गेलो, आत कधी गेलो नव्हतो. काउंटरवरचा माणूस मला फोनवर बोलताना ऐकून म्हणाला, "मराठी काय?" अशरफ नाव. रत्नागिरीच्या राजिवड्याचा, पन्नाशीचा असेल. मालक कुवेती आहे आणि त्याची छोटी बोट शुक्रवारी अशरफच चालवतो. मी सांगितलं, "मला यातलं काहीही कळत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "ज्यांना कळतं ते शंभर रंग घेऊन जातात न् एकच वापरतात. तुम्ही तीन घ्या. चंदेरी, पोपटी, शेंदरी. पहाटे न् गढूळ पाण्याला पोपटी नाहीतर शेंदरी, ऊन वर चढलं की चंदेरी. इथं वॉलआय-बिलाय नाय मिळत. सुरमई मिळते. तिला इथले लोक चनद म्हणतात."

तीन पाकिटं घेतली. पाकिटांवर रंगांची नावं छापलेली होती, त्यामुळे सोपं गेलं.

आज सुट्टी आहे. सकाळपासून माझ्याशी एकच आवाज बोलला, लिफ्टमधला. कितवा मजला ते अरबीत सांगतो. बाकी ठीक.

बाबा

सालमिया, शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

शलाका,

कुरिअरवाल्याच्या ट्रॅकिंगवर दाखवलं की पहिलं पत्र पोचलं आणि सहीच्या जागी तुझं नाव आहे. उत्तराची अपेक्षा नाही. पण सही केलीस, परत नाही पाठवलंस, हे मी चार-पाच वेळा उघडून बघितलं.

काल पहिल्यांदा समुद्रावर गेलो. पहाटे चारला धक्क्यावर हजर. बोटीत अशरफ, मी आणि आदित्य नावाचा पुण्याचा एक इंजिनिअर, तिशीतला. तो सगळा वेळ बायकोला व्हिडिओ पाठवत होता. कुब्बर बेटाच्या बाजूला गेलो. बंदराचे दिवे मागे पडले आणि पाणी काळं होतं ते हळूहळू राखाडी झालं. अशरफने इंजिन अगदी मंद केलं. "माणूस घाईत चालतो ना, तेवढाच वेग," म्हणाला. मागे तीन दोऱ्या सोडल्या.

अर्धा तास काही नाही. मग डावीकडचा रॉड एकदम वाकला आणि रीळ किंचाळायला लागलं. आदित्यला सुरमई लागली, चांगली हातभर. त्याच्या दोरीला पोपटी मासा होता. अशरफ सुकाणूवरून ओरडला, "साहेब, तुमचा पण बदला! पोपटी लावा, पोपटी! आज पोपटीच खातायत!"

त्याने सगळे खोटे मासे पाकिटांतून काढून एकाच डब्यात टाकले होते. मी त्यातला एक उचलून लावला. त्याने बघितलं आणि म्हणाला, "हा शेंदरी हाय. पोपटी." मी दुसरा उचलला. तोही शेंदरी निघाला.

तेवढ्यात आदित्य हसला. मी म्हणालो, ऊन डोळ्यावर येतंय. ऊन समोरून येत होतं हे खरं आहे.

मग मी हट्टाने तो शेंदरीच पाण्यात सोडला आणि गंमत म्हणजे पंधरा मिनिटांत मलाही मासा लागला. माशाला फरक कळला नसावा. सुरमई बोटीत आली तेव्हा मी पहिली मान वळवली ती शेजारी कुणाला तरी दाखवायला. शेजारी कुणी नव्हतं, आदित्य फोनवर होता.

आपल्या घरात मासा कधी शिजलेला नाही, तुला माहीतच आहे. मी तो अशरफला दिला. तो ऐकेना, मला खैतानला त्याच्या खोलीवर घेऊन गेला. चौघं राहतात तिथे. रव्यात घोळवून तुकड्या तळल्या आणि मला जमिनीवर वर्तमानपत्रावर वाढलं. इतर माणसांच्या सोबत बसून जेवायला मला किती महिने झाले होते, ते तिथे बसल्यावर लक्षात आलं.

निघताना अशरफने एक गोष्ट विचारली. ती पुढे कधीतरी लिहीन.

बाबा

सालमिया, शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

शलाका,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ऊन डोळ्यावर नव्हतं.

मंगळवारी आत्याचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, क्षितिजच्या शाळेतून तक्रार आलीय. झाडाचं खोड हिरवं रंगवतो, पानं तपकिरी. नकाशात रंग सांगितले तर भलतेच भरतो. बाईंना वाटतं लक्ष देत नाही, कदाचित समजायला उशीर लागतो; त्याला वेगळ्या गटात बसवतायत. आणि तू त्याच्यावर ओरडलीस. "मुद्दाम करतोस का?" असं विचारलंस आणि तो रडत म्हणाला, हो, मुद्दाम करतो.

तो मुद्दाम करत नाही. त्याला दिसत नाही.

हे मला माहीत आहे, कारण मलाही दिसत नाही. हिरवा आणि शेंदरी, लाल आणि तपकिरी, गुलाबी आणि राखाडी, माझ्यासाठी या जोड्या जवळजवळ एकच आहेत. जन्मापासून. हा दोष बापाकडून मुलीकडे जातो, तिला काहीही होत नाही, पण तिच्या मुलात उतरू शकतो. दोनात एक एवढी शक्यता. तो माझ्याकडून आलाय. उद्याच्या उद्या त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. दहा मिनिटांची तपासणी असते. आणि बाईंना सांग की मुलगा हुशार आहे. त्याला रंगीत खडूवर नाव लिहून दिलं की तो चुकणार नाही.

एवढं वाचून थांबलीस तरी चालेल. हेच महत्त्वाचं होतं. पुढचं माझ्याबद्दल आहे.

तिसरीत असताना चित्रकलेच्या गुरुजींनी मला वर्गासमोर उभं केलं होतं, तपकिरी आंब्याच्या पानांसाठी. घरी आल्यावर माझ्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिनू, हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही. नोकरी मिळणार नाही, मुलगी कोणी देणार नाही." मी आज्ञाधारक होतो. रंग पाठ करायला लागलो. गवत हिरवं, वीट लाल, सिग्नलचा वरचा दिवा थांबायचा. कुवेतच्या नोकरीआधी मेडिकल होतं. ठिपक्यांची पुस्तिका दाखवतात, ठिपक्यांत आकडे असतात. माझ्या आधी एक मित्र आत गेला होता, त्याच्याकडून मी आकडे क्रमाने घोकून घेतले. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. अजून म्हणू शकतो, पाढ्यांसारखे. नंतरही प्रत्येक तपासणीत हेच केलं. सुदैवाने माझं काम पाइपांच्या नकाशांचं, तारांचं नाही.

तुझ्या आईलाही सांगितलं नाही. तिला वाटायचं, या माणसाला रंगांची आवड नाही. माझे शर्ट तीच निवडायची. साडी नेसून "कशी दिसते?" विचारायची आणि मी म्हणायचो, छान. तिने रंग विचारला असता तर पकडला गेलो असतो. एकोणतीस वर्षांत तिने रंग विचारला नाही, फक्त एकदा सोडून.

ते तुला माहीत आहे. जानेवारी दोन हजार बावीस. तिने मला बाथरूममध्ये बोलावलं. "जरा बघता का हो, मला लघवी लालसर वाटतेय. की काल बीट खाल्लं म्हणून?" मी बघितलं. मला नेहमीसारखी दिसली. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, श्यामला, मला लाल दिसत नाही, दुसऱ्या कुणाला तरी दाखव. एवढं एकच वाक्य. मी म्हणालो, "काही नाही. नेहमीसारखंच आहे." तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. तिला तेच ऐकायचं होतं. पुढे मधूनमधून तसं होत राहिलं असणार, पण तिने मला पुन्हा विचारलं नाही. माझा शब्द प्रमाण मानला. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा जुलै उजाडला होता आणि मूत्राशयाचा कॅन्सर बाहेर पसरला होता.

तेराव्या दिवशी नाशिकच्या घरात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आईने तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही धड बघितलंसुद्धा नाहीत. न बघता काही नाही म्हणालात." सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घातली. खरं सांगितलं असतं तर? नोकरी गेली असती, हे एक. पण ते खरं कारण नाही. तीस वर्षं तिला फसवलं आणि त्या फसवणुकीत ती गेली, हे तोंडातून निघेना. त्यापेक्षा निष्काळजी म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. तू निघून गेलीस आणि मी तुला जाऊ दिलं.

खैतानला निघताना अशरफने विचारलं होतं, "साहेब, तुम्हाला दोन्ही रंग सारकेच दिसतात ना?" मी काहीतरी पुटपुटलो. त्याने पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या शुक्रवारी डबा उघडला तर प्रत्येक पोपटी माशाच्या शेपटीजवळ चाकूने एक खाच पाडलेली होती, शेंदरीला दोन. बोटाने चाचपून कळत होतं. मी विचारलं, कुणी केलं हे? तो दोरी गुंडाळत म्हणाला, "माझा चुलता पण असाच होता. दर्यावर कुणाला काय दिसतं न् काय नाय, ते बोटीवरच्या सगळ्यांना ठाऊक असावं लागतं. नायतर माणसं मरतात."

त्याने सहज म्हटलं. मी बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन पाण्याकडे बघत बसलो.

क्षितिजला रागवू नकोस. त्याला सांग की लपवायचं नसतं. हे मी सांगून उपयोग नाही, तू सांग.

बाबा

सालमिया, शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

शलाका,

पत्र पोचून सहा दिवस झाले. आत्यालाही विचारलं नाही. तिला फोन केला की ती आपणहून काही सांगते का, एवढंच बघतो, आणि तीही हल्ली हवापाण्यावर बोलते. तुम्ही दोघींनी ठरवलं असेल तर ते योग्यच असेल.

दिवाळीत बिल्डिंगमधल्या बायकांनी फराळाचा डबा पाठवला. मी अजून उघडला नाही.

एक गोष्ट कळवायची होती. गुरुवारी मी कंपनीच्या डॉक्टरांकडे गेलो. मल्याळी आहेत, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी त्यांना पुस्तिका उघडायला सांगितली आणि या वेळी जे दिसतं तेच म्हणालो. पहिल्या पानावर बारा दिसले. पुढच्या बहुतेक पानांवर नुसते ठिपके होते. डॉक्टरांनी माझी जुनी फाइल बघितली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "सर, इतनी बार सब करेक्ट?" मी म्हणालो, पाठ होतं.

प्लांटमध्ये जायचा माझा परवाना काढून घेतलाय. मार्चपर्यंत ऑफिसात बसायचं, मग निवृत्ती. तशीही वर्षभराने होणारच होती. मॅनेजरने खोलीत बोलावून दार लावलं. आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं, "आत्ताच का सांगितलं?" मी म्हणालो, घरगुती कारण आहे.

खाली बसची वाट बघताना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. बावीस वर्षांचे ओळखीचे लोक आहेत इथे, आणि मी अशरफच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. त्याने स्टूल पुढे केलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तो त्याला रंग समजावत राहिला आणि मी तासभर बसलो.

बाबा

सालमिया, शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

शलाका,

काल तुझा नंबर स्क्रीनवर दिसला तेव्हा मी इस्त्री करत होतो. शर्ट जळला. ते असो.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. आधी तू क्षितिजला दिलास. तो इंग्रजीत भराभर बोलत होता. डॉक्टरांनी सांगितलं की त्याचे डोळे स्पेशल आहेत, हे खरं का, हे त्याला माझ्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं. मी म्हणालो, स्पेशल नाहीत, फक्त वेगळे आहेत, आणि माझेही तसेच आहेत. मग त्याने माझी परीक्षाच घेतली. सिग्नल कसा ओळखतोस? केळं पिकलंय हे कसं कळतं? मी म्हणालो, दाबून बघतो. तो म्हणाला, "Me too!" आणि असा ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. एवढ्या वर्षांत माझ्या या गोष्टीवर कुणी आनंदाने ओरडलं नव्हतं. शलाका, मला त्यासाठी लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

मग तू आलीस. तू म्हणालीस, "माफ केलं असं समजू नका." समजलो नाही. समजणारही नाही.

नंतर तू विचारलंस, "त्या दिवशी तुम्ही खरंच बघितलं होतं?" मी नुसतं हो म्हणालो. तुला सगळं ऐकायचं होतं, हे मला कळत होतं. तर हे आता ऐक.

हो, बघितलं होतं. वाकून बघितलं. मग बाथरूममधला मोठा दिवा लावून बघितलं. मग ती म्हणाली, "काचेच्या ग्लासात घेऊन बघू का?" म्हणून तिने ग्लासात घेतलं आणि मी तो खिडकीशी उजेडात धरला. पाच मिनिटं तरी. मी शोधत होतो, शलाका. मला माहीत होतं की तिथे काहीतरी असू शकतं आणि मला ते दिसणार नाही. ती माझ्या बाजूला उभी होती, माझ्या दंडाला धरून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, ती घाबरली होती, आणि तिची भीती मला बघवेना. म्हणून काही नाही म्हणालो. तुझा आरोप होता की मी बघितलं नाही. मी त्याहून वाईट केलं. पण बघितलं होतं.

यावर तू काय म्हणशील याची वाट मी बघणार नाही. तुला हवा तेवढा वेळ घे, वर्षं घे.

शेवटी तू म्हणालीस, जुलैमध्ये तुम्ही तिघं नाशिकला येताय आणि आत्याकडे उतरणार आहात. "तुमच्याकडे नाही," असं स्पष्ट म्हणालीस. आणि मग, "तुम्ही भेटायला येऊ शकता."

मी मार्चअखेर नाशिकला पोचेन. आत्याचं घर आपल्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. तुम्ही आलात की तुला फोन करेन आणि तू ये म्हणालीस की निघेन.

बाबा